आबांचा बक्कल नंबर आणि आजीची दोन नावं

आमचे आबा १ जूनचे आणि आजी १ जानेवारीची. दोन्ही तारखा खोट्या. आबांची तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली, आजीची आधार कार्डवाल्याने. महाराष्ट्रातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस याच दोन दिवशी येतात, त्यामुळे आम्हाला त्यात कधी वावगं वाटलं नाही. आबा गेले, आजीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायची वेळ आली आणि मग या तारखांनी, त्याहून जास्त आजीच्या नावाने, मला पाच महिने फिरवलं.

सगळं सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा केंद्र सरकारच्या पेन्शनरांविषयी ढीगभर माहिती मिळाली आणि राज्याच्या पेन्शनरांविषयी चिमूटभर. आम्ही राहतो त्या जिल्ह्याचं आणि कार्यालयांचं नाव मुद्दाम देत नाही. माणसं बहुतेक ठिकाणी बरी भेटली, आणि जिथे नाही भेटली तिथेही त्यांच्या टेबलावरचा ढीग मी पाहिलाय.

आबा १९५८ साली सातारा जिल्ह्यात पोलीस शिपाई म्हणून भरती झाले. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. पहिल्या नेमणुकीच्या कागदावर मुंबई राज्याचा शिक्का आहे. ३१ मे १९९५ रोजी फौजदार म्हणून निवृत्त झाले. (१ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे मास्तरांनी २ जून टाकली असती तर आबांना आणखी एक महिना पगार मिळाला असता. हे गणित आबा दर १ जूनला सांगत.) राष्ट्रपती पदक वगैरे काही नाही. सदतीस वर्षांची नोकरी, पोलीस लाईनमधल्या नऊ-दहा खोल्या, तीन मुलं. निवृत्तीनंतर बाबांच्या नोकरीच्या गावाजवळ घर बांधलं आणि जिल्हा सुटला.

घरात ते एक वही ठेवत. वर्षाला एक, दोनशे पानी. तिला आम्ही स्टेशन डायरी म्हणायचो, कारण ती तशीच लिहिलेली असायची. "०७.१० वा. दूध प्राप्त. ०८.१५ वा. नात शाळेस रवाना. १३.४० वा. नात परत, गुडघ्यास खरचटलेले, विचारता सायकलवरून पडल्याचे सांगते." माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशीची नोंद आहे, "१३.०५ वा. निकाल. समाधानकारक." मला ८७ टक्के होते. या वह्या पुढे मला किती उपयोगी पडणार होत्या याची तेव्हा कल्पना नव्हती.

९ फेब्रुवारी २०२४ ला, शुक्रवारी दुपारी, जेवून पडले ते उठलेच नाहीत. कागदोपत्री वय ८६ वर्षं ८ महिने. नेहमीच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तपासून मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहून दिला. घरी मृत्यू झाला असेल तर हा कागद त्याच वेळी घ्या, उद्यावर टाकू नका. कुणीतरी विचारलं, "सलामी असते का हो?" तसं काही झालं नाही. ठाण्यातून एक तरुण अंमलदार हार घेऊन आला, हार घातला, दोन पावलं मागे सरकला आणि सावधानमध्ये उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. आजी तेवढ्यात म्हणाली, "त्याला च्या द्या."

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. आम्ही पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो. इथे एकच काळजी घ्या: दाखल्यावर नाव लिहिताना शेजारी पेन्शनची कागदं ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. आबांचं मधलं नाव ग्रामसेवकाने आधारवरून घेतलं होतं, त्यात एक काना जास्त होता. नोंद कायम व्हायच्या आत लक्षात आलं म्हणून वाचलो. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या. काका म्हणाले तीन पुरेत. मी आठ घेतल्या, सात लागल्या. एका प्रतीचे वीस रुपये.

आता आमची चूक. बँकेत मी २७ फेब्रुवारीला जाऊन आबा गेल्याचं लेखी कळवलं, पोच घेतली. आधी सुतकाचे दिवस, मग पाहुणे. पण कोषागाराला, म्हणजे पेन्शनचा हिशोब ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवलं नव्हतं. मला वाटलं बँक कळवेल. १ मार्चला फेब्रुवारीची पूर्ण पेन्शन खात्यात आली. खातं आबा-आजींचं संयुक्त. काकांनी मांडवाचे आणि आचाऱ्याचे पैसे द्यायला एटीएममधून वीस हजार काढले. त्यांचा दोष नाही, ते पैसे आबांचेच असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. पण पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची असते. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा, त्यातले आबांचे फक्त ९. दहाव्या दिवसापासून आजीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं, आणि ते शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर मोजतात, म्हणजे आबांच्या पेन्शनपेक्षा बरंच कमी. उरलेली जादा रक्कम सरकारची. ती पुढे आजीच्या थकबाकीतून वळती झाली, पण मधले चार महिने मला रोज वाटायचं की कुणीतरी नोटीस घेऊन येणार. पोलिसाच्या घरात सरकारी पैसे जादा काढले गेले, हे आबांच्या वहीत कसं लिहिलं गेलं असतं ते मला नीट ठाऊक होतं. बँक आणि कोषागार, दोन्हीकडे पहिल्या आठवड्यातच लेखी कळवा. खात्याला तोवर हात लावू नका.

सोमवार, ४ मार्च. आजीला घेऊन जिल्ह्याच्या गावी, कोषागारात, पहिली फेरी. एसटीचा प्रवास स्वस्तात झाला, आजीला पंच्याहत्तरच्या पुढची म्हणून मोफत आणि मला महिला म्हणून अर्धं तिकीट. कंडक्टरने आधार पाहिलं: हौसाबाई, जन्म १ जानेवारी १९४८. शहात्तर पूर्ण. चला.

सोबत नेलेले कागद: अर्ज, मृत्यूचा दाखला, आबांचा मूळ पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, आजीचे फोटो, आधार, पासबुक, रद्द केलेला चेक. पॅन नव्हतं. ते नंतर काढलं, फी १०७ रुपये आणि भरून देणाऱ्याचे शंभर. जादा रक्कम आली तर परत करू, असं एक हमीपत्रही लागतं, त्याचा नमुना तिथेच मिळतो. आजीला सही येत नाही, त्यामुळे अंगठ्याचे ठसे आणि अंगावरच्या दोन खुणा. उजव्या भुवईवर एक व्रण आहे, तो मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला.

टेबलामागच्या बाईंनी पीपीओ उघडला, आधार उघडलं, आणि दोन्ही माझ्यासमोर फिरवून ठेवले.

"यात पत्नी इंदुमती आहे. या कोण?"

मी पीपीओ घरून निघताना पाहिला होता. आकडे पाहिले होते, आबांचं नाव पाहिलं होतं. पत्नीच्या नावाचा रकाना वाचायचं सुचलंच नव्हतं, आजीला काय वाचायचं! जन्मतारीखही वेगळी. तिथे १२ जून १९४३.

क्षणभर माझ्या डोक्यात नको तो विचार येऊन गेला. आबांची दुसरी बायको? मी आजीकडे पाहिलं. ती खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"लग्नात ठेवल्यालं नाव हाय त्ये," ती म्हणाली. "ताटात तांदळावर अंगठीनं लिव्हलं व्हतं. कुणी हाक मारली न्हाई त्या नावानं."

मग जरा थांबून, "ह्ये मारायचे."

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, असं पुष्कळांचं असतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा आणि दोन्ही नावं एकत्र दिसतील असा एखादा जुना कागद असला तर फारच उत्तम. आणि आता मार्चएंड आहे, एप्रिलात या.

घरी आल्यावर आबांची ट्रंक काढली. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात आडनाव आणि खाली 'ब.नं. ११४२', म्हणजे बक्कल नंबर, पोलिसाचा ओळख क्रमांक. किल्ली आजीच्या कमरेला. आत वरच्या थरात खाकी टोपी, पट्टा, शिट्टी आणि तिची दोरी, पितळेचा बक्कल. बक्कल चकचकीत होता. शेवटच्या दिवाळीपर्यंत आबा त्याला चिंचेने घासत होते. त्याखाली कापडात बांधलेल्या कागदांच्या पुरचुंड्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: 'घर', 'वीज', 'मुलांचे दाखले', 'नोकरी'.

'नोकरी'च्या पुरचुंडीत दुय्यम सेवापुस्तक होतं. सरकारी नोकराला आपल्या सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत स्वतःजवळ ठेवता येते. फार थोडे लोक ती ठेवतात. मूळ पुस्तकासाठी बाबांनी आबांच्या जुन्या जिल्ह्यात, पोलीस अधीक्षक कार्यालयात फोन करून पाहिला होता. तिथल्या लिपिकाने प्रामाणिकपणे सांगितलं, निवृत्तीला तीस वर्षं होत आली, इतकं जुनं रेकॉर्ड आता मिळणं कठीण. त्यामुळे आमच्याकडे होती ती एवढीच प्रत.

मी एका कागदासाठी ते उघडलं आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसले. सेवापुस्तक म्हणजे काय तर तारखा, बदल्या, रजा, वेतनवाढी. शिपाई, मग नाईक, मग हवालदार. (नाईक हे पद आता राहिलेलंही नाही, २०२२ मध्ये रद्द झालं.) पाटण, दहिवडी, लोणंद. प्रत्येक गावाची एकेक गोष्ट आबांनी आम्हाला सांगितलेली, ती इथे एका ओळीत. लोणंदची म्हणजे वारीची. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती लोणंदला, मग तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. आबा सांगत, "रिंगणात सगळे घोड्याकडे बघतात. आपण घोड्याकडे न बघणारा माणूस शोधायचा. तो खिसेकापू." दहिवडीची म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाची, रेशनच्या रांगेपुढे लाठी घेऊन उभं राहायची. त्या रांगेत आजीही असे, आणि आबा तिला ओळख दाखवत नसत.

पाटणची गोष्ट सगळ्यात मोठी. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे सव्वाचारच्या पुढे. आबा तेव्हा पाटण ठाण्याला. कोयनानगरला ढिगारे उपसायला गेलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. थंडी, अंधार, पुन्हा पुन्हा बसणारे हादरे. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलेली. पुस्तकात ती सापडली: भूकंप बंदोबस्तातील चांगल्या कामाबद्दल बक्षीस, दहा रुपये. आणि त्याखाली दोनच ओळी सोडून: 'तीन दिवस विनापरवानगी गैरहजर. विनावेतन. सक्त ताकीद.' तारखा त्याच डिसेंबरच्या.

हे आम्हाला कधीच कळलं नव्हतं. सकाळी आजीला विचारलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत.

"लाईनीच्या भिंती फाटल्या व्हत्या. भाईर पालात निजायचो. तुझी आत्या चार महिन्यांची. सायबाकडं रजा मागितली, मिळंना. मग एका रात्री उठलं आन् आमाला ट्रकात घालून म्हायेरला सोडून आलं. येताना गाडी गावंना."

"मग आबांनी कधी सांगितलं नाही?"

"सांगायचं काय त्यात. पगार कापला त्येंचा."

मी खूप वेळ त्या दोन नोंदी बघत बसले. बक्षिसाची गोष्ट सांगितली आणि ताकिदीची गिळली म्हणून आबांचा राग येईना. दहा रुपयांपेक्षा तीन दिवसांचा पगार जास्तच असणार, तेवढं मात्र मनात आलं.

हवा होता तो कागद पुस्तकाच्या शेवटच्या पाकिटात होता. नामनिर्देशनाचा नमुना, गोल शिक्का, कार्यालयीन सही, आणि आबांच्या टाकाने लिहिलेल्या अक्षरात: 'पत्नी – सौ. इंदुमती ऊर्फ हौसाबाई. ज. ता. १२/६/१९४३.'

मी ओरडलेच. आजीला वाचून दाखवलं. तिला 'ऊर्फ'चा राग आला. "चोरास्नी लावत्यात त्ये मला लावलं व्हय?"

तारीख कुठून आली तेही त्याच पाकिटात एका चतकोर चिठ्ठीवर होतं. आजीच्या वडिलांना विचारून केलेली टिपणं: 'वटपौर्णिमेच्या आधी पाच-सहा दिवस. पेरणी चालू. थोरल्या भावाहून दोन वर्षांनी लहान.' आणि मग पंचांग बघून काढलेला दिवस. म्हणजे बायकोच्या जन्माचा आबांनी रीतसर तपास केला होता, स्वतःच्या १ जूनचा मात्र कधीच नाही.

या तारखेने आणखी एक गोष्ट झाली. वयाची ऐंशी पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात वयाप्रमाणे वाढ मिळते, आणि ती कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू असते. आधारप्रमाणे आजी शहात्तरची, पीपीओप्रमाणे ऐंशी ओलांडलेली. आमच्या प्रकरणात पीपीओची तारीख धरली गेली. तुमच्याकडे पीपीओत पत्नीची जन्मतारीखच नसेल तर आत्ताच, पेन्शनर हयात असताना, कोषागारात विचारून ती लावून घ्या. नावाचंही तसंच. हे काम आबांनी स्वतः जाऊन केलं असतं तर कदाचित एका अर्जावर झालं असतं. आम्हाला पाच महिने लागले.

प्रतिज्ञापत्र १४ मार्चला केलं. शंभराचा मुद्रांक, टंकलेखन आणि नोटरी मिळून साडेचारशे रुपये गेले. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असतं हे मला नंतर एका वकील मैत्रिणीने सांगितलं. आधी विचारायला हवं होतं. दोनच दिवसांनी लोकसभेची आचारसंहिता लागली आणि निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामाला जुंपलं गेलं.

८ एप्रिल, पाडव्याच्या आदल्या दिवशी ओळख तपासणी. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्याला एकदा प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. साक्षीला आबांबरोबर नोकरी केलेले एक निवृत्त हवालदारकाका मुद्दाम साताऱ्याहून आले होते, वय वर्षं ७९, इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. आम्ही बाकावर बसलो. ऊन वाढत होतं, पंखा नुसता आवाज करत होता. साडेबाराच्या सुमाराला आतून पुकारा झाला.

"इंदुमती..."

कुणी उठलं नाही.

"इंदुमती! आहेत का?"

मी फोनवर होते, माझंही लक्ष नव्हतं. हवालदारकाकांनी मला कोपर मारलं. मी आजीकडे पाहिलं. तिने पुकारा ऐकला होता. ती पदर नीट करत सावकाश उठत होती, आणि पुकारणाऱ्या शिपायाकडे न बघता दाराच्या चौकटीकडे बघत होती. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हे नाव आमच्या घरात संध्याकाळच्या चहाला, हळू आवाजात, फक्त 'इंदू' एवढंच ऐकू यायचं. मला ते लाडाचं नाव वाटायचं.

आत अधिकारी तरुण होते. कागद चाळून त्यांनी विचारलं, "आजी, पतीचं पूर्ण नाव सांगा."

आजी गप्प.

"नाव सांगा, घाबरू नका. फक्त विचारायची पद्धत आहे."

आजीने त्रेसष्ट वर्षांत आबांचं नाव घेतलेलं नाही. लग्नाकार्यात उखाण्यात घ्यायची तेवढंच. आता ते नाहीत तर उखाणाही कसा घ्यायचा. मी मध्ये बोलणार तर अधिकाऱ्यांनी हात केला, त्यांनाच सांगू दे. आजीच्या कपाळावर घाम. मग ती एकदम ताठ झाली.

"बक्कल नंबर अकराशे बेचाळीस. सातारा."

अधिकाऱ्यांना काही कळलं नाही. हवालदारकाका मागून म्हणाले, "बरोबर आहे साहेब. लाईनीत सगळ्यांना नंबरानेच हाक असायची. यांना सगळे अकराशे बेचाळीसच्या वहिनी म्हणायचे." आणि पुढे, अगदी खालच्या आवाजात, "मी बाराशे सात."

अधिकाऱ्यांनी सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर बोट ठेवून नंबर पाहिला. मान हलवली. अंगठा घेतला. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

यानंतरचं रटाळ आहे, थोडक्यात सांगते. मेमध्ये एक त्रुटी निघाली: फोटो जुन्या मापाचा. तो दिला. जूनमध्ये कळलं, बँकेने जादा जमा झालेल्या रकमेचा हिशोब कळवला नव्हता, त्यावर अडलं होतं. बँक म्हणाली पाठवलंय, कोषागार म्हणालं मिळालं नाही. शेवटी मी बँकेकडून तेच पत्र हातात घेतलं आणि स्वतः नेऊन आवकला दिलं. आवक नंबर लिहून घ्या. नंबर हातात असला की बोलणं वेगळं होतं. प्रत्येक फेरीचा दिवस, टेबल, काय सांगितलं, हे मी आबांच्या अर्धवट राहिलेल्या वहीतच लिहीत गेले, त्यांच्याच पद्धतीने. "११.२० वा. हजर. संबंधित जेवणास. १४.३५ वा. भेट. उद्या या असे सांगितले." त्या पद्धतीत लिहिलं की राग येत नाही, हा माझा अनुभव.

१६ जुलैला आजीच्या खात्यात पैसे आले. १० फेब्रुवारीपासूनची थकबाकी, काकांनी काढलेल्यातली जादा रक्कम वजा होऊन. आबांच्या नऊ दिवसांचा हिशोब जीवनकालीन थकबाकी म्हणून वेगळा झाला. एकूण फेऱ्या सहा, खर्च प्रवास आणि झेरॉक्स धरून दोन हजारांच्या आत. कुणाला चहापाण्याचे पैसे द्यावे लागले नाहीत, हेही नोंदवते, कारण सुरुवातीला सगळ्यांनी मला त्याचीच भीती घातली होती.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. राज्याच्या पेन्शनरांची यादी कोषागाराकडून बँकेत येते आणि महिनाभरात तिथे जाऊन आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा असतो. पहिल्याच आठवड्यात गेलो, गर्दी कमी असते. यादीत मागच्या वर्षी आबांनी सही केली होती. आजी तेव्हाही त्यांच्यासोबत येऊन बाकावर बसली होती. या वेळी तिने अंगठा केला, शाई पुसली, आणि तिचं नाव कुठं छापलंय ते मला दाखवायला लावलं.

परतताना एसटीत मी म्हटलं, आजी, आता आधारवरही इंदुमती करून घेऊ, म्हणजे पुढे कटकट नको. सेतू केंद्रात विचारलंय मी.

ती खिडकीबाहेर बघत होती. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "उद्या ह्यो कंडक्टर मला इंदुमती म्हणाया लागला तर मी मधीच उतरून जाईन."